एकवीस दिवसांचे इंजेक्शन : संधिवातज्वर, हृदयाची झडप आणि मराठवाडा

पटकी, प्लेग आणि देवी यांच्या साथींवर आपण पुष्कळ वाचतो. साथी गाजतात, त्यांची कागदपत्रेही उरतात. आजचा धागा मात्र अशा आजाराविषयी आहे, जो गाजावाजा न करता येतो आणि माणसाबरोबर तीस-चाळीस वर्षे राहतो. त्याचे नाव संधिवातज्वर. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या नकाशावर त्याचा माग काढू या.

आरंभ क्षुल्लक असतो. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजतात आणि आपोआप बरेही होतात. घरचे निश्चिंत होतात. पण जिवाणूशी लढण्यासाठी शरीराने उभी केलेली फौज स्वतःच्याच हृदयावर चालून गेलेली असते. प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर हा हल्ला पुन्हा होऊ शकतो. हृदयाच्या झडपा, विशेषतः डाव्या बाजूची द्विदल झडप, जाड होते, चिकटते, आकसते. मग जिना चढताना धाप लागते, रात्री उशा रचून बसावे लागते, कधी खोकल्यातून रक्त पडते. अशा रुग्णांना दम्याचे वा क्षयाचे औषध दिले गेल्याच्या कहाण्या डॉक्टरांच्या कुठल्याही जुन्या पिढीकडे मिळतील.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश वैद्यकात असा दृढ समज होता की हा आजार थंड, दमट देशांचा आहे. उष्ण कटिबंधात तो जवळजवळ नाहीच. ग्रंथात नाही म्हणून रुग्णात दिसत नाही, आणि रुग्णात दिसत नाही म्हणून ग्रंथात येत नाही, असे हे चक्र होते. ते मोडण्याचे श्रेय १९३० च्या दशकातील भारतीय चिकित्सकांना जाते. पंजाबात के. एल. विग यांनी १९३५ मध्ये, आणि त्याच सुमारास दक्षिणेत पी. कुटुंबय्या यांनी आपापल्या रुग्णांच्या अभ्यासातून हा आजार येथे चांगलाच रुजलेला असल्याचे दाखवले. पुढे १९६३ मध्ये सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी आणखी कटू वास्तव मांडले : पाश्चात्त्य देशांत झडप आकसायला दशके लागतात, तर भारतात ती कोवळ्या वयातच आकसलेली आढळते.

ब्रिटिश हिंदुस्थानातील मृत्यूच्या नोंदवह्या उघडल्या तर पटकी, देवी, प्लेग, हगवण यांना स्वतंत्र रकाने दिसतात. बाकी बहुतेक सारे ‘ताप’ किंवा ‘इतर कारणे’ यांत जिरून जाते. पहिल्या किंवा दुसऱ्या बाळंतपणात दगावलेल्या तरुण स्त्रिया आठवा. गरोदरपणी शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि अरुंद झालेल्या झडपेला तो भार पेलत नाही. त्यांतील कितीजणींचे हृदय आधीच अधू होते, हे कोणतीही नोंदवही सांगणार नाही. माझ्या मते हे मौन हाच या विषयातील सर्वांत बोलका पुरावा आहे.

आता आपल्या भागाकडे. नांदेड व लातूर दोन्ही निजामाच्या राज्यात होते, पण त्यांच्या वाटा वेगळ्या होत्या. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने नांदेड थेट राजधानीशी जोडले गेले. मुसा नदीच्या १९०८ च्या महापुरात जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाल्यावर हैदराबादेत उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. नांदेडहून त्या शहराला सरळ गाडी होती. लातूर मात्र १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर आले आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे वळले. १९२७ मध्ये ही लाईन मिरजेपर्यंत पोचली, आणि मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी उभारलेले मिशन रुग्णालय होते. ज्वारी-कापसाच्या वाहतुकीसाठी टाकलेल्या रुळांनी आजाऱ्यांच्याही दिशा ठरवल्या.

अर्थात, रुग्णालयात पोचूनही तेव्हा काय मिळे? डिजिटॅलिस, विश्रांती आणि सॅलिसिलेट. बदल घडला तो १९४८ नंतर. अमेरिकेत बेली व हार्केन यांनी, तर लंडनमध्ये ब्रॉक यांनी धडधडत्या हृदयात बोट घालून चिकटलेली झडप मोकळी केली. १९५० च्या दशकाच्या आरंभी ही शस्त्रक्रिया भारतात आली. मुंबईच्या केईएममधील तिचे अग्रणी डॉ. प्रफुल्लकुमार सेन; फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदयप्रत्यारोपण करणारे तेच.

पण खरा कलाटणीचा क्षण शस्त्रक्रियागृहात घडला नाही. १९५२ मध्ये स्टोलरमन आणि रुसोफ यांनी दाखवले की शरीरात सावकाश विरघळणारे बेंझाथीन पेनिसिलीन ठरावीक अंतराने देत राहिले, तर ताप उलटत नाही. झडप पूर्ववत होत नाही. आणखी बिघडणे मात्र थांबते. दोनच वर्षांनी, १० मार्च १९५४ रोजी, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी पुण्याजवळ पिंपरीत स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. नेहरूकालीन उद्योगधोरण म्हटले की आपण भिलाई आणि भाक्रा आठवतो; पिंपरीच्या किण्वनाच्या टाक्या त्या पंक्तीत बसवायला हव्यात. नव्वदच्या दशकानंतर चीनमधून स्वस्त माल येऊ लागला आणि देशातले मूळ पेनिसिलीनचे उत्पादन एकेक करीत बंद पडले. विशेष म्हणजे या जिवाणूने आजतागायत पेनिसिलीनला दाद न देण्याची कला साधलेली नाही. औषध सत्तर वर्षे जुने, तरी अचूक आहे.

दरम्यान मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये आली : औरंगाबादेत १९५६, सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, नांदेडला १९८८, लातूरला शासकीय संस्था २००२. लातूरचे विवेकानंद रुग्णालय तर १९६६ पासूनचे.

झडप बदलणे आवाक्यात आले ते तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेमुळे. डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेली देशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवण्यात आली. मात्र यांत्रिक झडप म्हणजे आजारातून सुटका नव्हे. रक्त गोठू नये म्हणून रोज गोळी. ती कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. त्यासाठी वारंवार रक्ततपासणी. पालेभाजी एकदम वाढवली किंवा सोडली तरी हिशेब बिघडतो. मूल हवे असेल तर प्रश्न अधिक बिकट, कारण हीच गोळी गर्भाला घातक ठरू शकते. शांत खोलीत झडपेची टिकटिक ऐकू येते.

पैशाचा प्रश्न उशिरा हाताळला गेला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते, लातूर नव्हते. लातूरकरांना २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण असलेल्या या योजनेत हृदयशस्त्रक्रियांचाही समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते.

युरोपात हा आजार पेनिसिलीन येण्यापूर्वीच ओसरू लागला होता, कारण घरे सुधारली आणि एका खोलीत झोपणारी माणसे कमी झाली. म्हणून कंधार, मुखेड, लोहा येथून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांकडे पाहावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या गाव सोडतात आणि मुले पाचटाच्या कोपीत आईबापांना बिलगून झोपतात. त्या मुलांपैकी एखाद्याच्या कार्डावर दर एकवीस दिवसांची तारीख लिहिलेली असेल, तर सहा महिन्यांच्या हंगामात आठ-नऊ इंजेक्शने परजिल्ह्यात किंवा कर्नाटकात घ्यावी लागतात. तेथील आरोग्यकेंद्रात कुपी शिल्लक हवी, प्रतिक्रियेच्या भीतीने टाळाटाळ न करता सुई टोचणारे कोणी हवे, आणि त्या दिवसापुरता मुकादमाने बापाला फडातून सोडायला हवे.