संथ लय आणि प्रेक्षकाचा निवाडा : एका रुमानियन चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहास

कलाकृतीचा इतिहास तिच्या निर्मितीपाशी संपत नाही. ती ज्यांच्यापर्यंत पोचते त्यांच्या प्रतिसादांतून तो घडत राहतो, हे ग्रहणमीमांसेने साहित्याभ्यासात रुजविलेले सूत्र होय. हान्स रोबर्ट याउस याने १९६७ मध्ये कॉन्स्टान्स विद्यापीठातील व्याख्यानात 'अपेक्षाक्षितिजा'ची संकल्पना आग्रहाने मांडली, तेव्हा त्याच्यासमोर प्रामुख्याने लिखित संहिता होती. वाचक स्वतःच्या गतीने वाचतो. नको वाटले तर चार पाने ओलांडून पुढे जातो. चित्रपटगृहातील प्रेक्षकाला ही मुभा नसते. तेथे काळाची सूत्रे दिग्दर्शकाच्या हाती असतात. त्यामुळे 'चित्रपट फार संथ आहे' हा नेहमीचा शेरा केवळ अभिरुचीचा प्रश्न मानून बाजूला सारता येत नाही. विषय गर्भपाताचा असेल तेव्हा तर गतीविषयीची तक्रार आणि नैतिक निवाड्याची घाई यांची सरमिसळ होते. क्रिस्तियान मुंजिऊ यांच्या '४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस' या रुमानियन चित्रपटाच्या स्वीकाराचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

हा चित्रपट मे २००७ मध्ये साठाव्या कान महोत्सवात दाखविला गेला आणि त्याला तेथील सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण पाम, मिळाला. कथानक १९८७ मधील एका दिवसाचे आहे. वसतिगृहात राहणारी गबित्सा बेकायदा गर्भपात करवून घेते आणि तिची मैत्रीण ओतिलिया त्यासाठी हॉटेलची खोली, पैसे आणि माणूस यांची जुळवाजुळव करते. तो माणूस, श्रीमान बेबे, पैशांखेरीज दोघींच्या देहांचीही किंमत वसूल करतो. ओलेग मुतू यांचा कॅमेरा एकेका प्रसंगात मिनिटेच्या मिनिटे न तुटता चालत राहतो. पार्श्वसंगीत नाही. कोणाच्या बाजूने उभे राहावे, याची सूचना चित्रपट देत नाही.

या काळाला पार्श्वभूमी आहे ती ऑक्टोबर १९६६ मध्ये चाउशेस्कू राजवटीने काढलेल्या ७७० क्रमांकाच्या हुकूमनाम्याची. १९५७ पासून वैध असलेला गर्भपात या हुकूमनाम्याने मोजके अपवाद वगळता निषिद्ध ठरविला. १९६६ मध्ये सुमारे पावणेतीन लाख असलेली जन्मसंख्या १९६७ मध्ये सव्वापाच लाखांवर गेली. गर्भनिरोधक साधने जवळजवळ अप्राप्य होती. ऐंशीच्या दशकात कारखान्यांतून स्त्रियांच्या शारीरिक तपासण्या होऊ लागल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच हा हुकूमनामा रद्द झाला. तोवर असुरक्षित गर्भपातांमुळे सुमारे १०,००० स्त्रियांचा बळी गेला, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

रुमानियन प्रेक्षकाच्या अपेक्षाक्षितिजाची रचना येथे लक्षात घ्यावी लागते. हुकूमनाम्यानंतर जन्मलेल्या पिढीला त्या देशात 'हुकुमाची मुले' अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते. स्वतः मुंजिऊ यांचा जन्म १९६८ चा. म्हणजे ज्या बंदीची कथा पडद्यावर चालली होती, तिच्यामुळेच आपण कदाचित जन्मलो, या जाणिवेनिशी प्रेक्षागृहात बसलेला एक मोठा वर्ग होता. त्याच्यासाठी ही कथा ना दूरची होती, ना सरळ. तिच्याकडे निव्वळ पीडितांची कथा म्हणून पाहणे त्याला अवघड होते. आणि बंदीचे समर्थन करावे, तर आईच्या पिढीने सोसलेले भय आड येत होते.

शिवाय या प्रेक्षकाच्या स्मरणात दुसराही इतिहास होता. बंदी उठल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, १९९० मध्ये, रुमानियात सुमारे दहा लाख गर्भपात नोंदले गेले. जिवंत जन्मलेल्या एका बालकामागे हे प्रमाण तीनाहून अधिक होते. दडपलेल्या समाजाला मोकळीक मिळाली, पण तिच्यासोबत संततिनियमनाची साधने आणि त्यांचे शिक्षण आले नाही. २००७ च्या रुमानियन प्रेक्षकासमोर असे दोन भूतकाळ एकाच वेळी उभे होते. तेथे चित्रपटगृहेही थोडी उरली होती. म्हणून निर्मात्यांनी फिरता प्रक्षेपणसंच घेऊन गावोगावी खेळ केले. या दौऱ्यावर पुढे माहितीपटही निघाला. काळ्या बाजारातील परदेशी सिगारेटी, हॉटेलच्या स्वागतकक्षातील उर्मट हुज्जत, ओळखपत्राची मागणी हे तपशील परक्या प्रेक्षकाला वातावरणनिर्मितीचे वाटतात. तो काळ जगलेल्या प्रेक्षकाला त्या संथपणात कलात्मक लांबण दिसण्याचे कारण नव्हते. रांगेत, दारात, कोणाच्या तरी मर्जीवर तिष्ठत राहण्याची ती लय त्याच्या परिचयाची होती.

देशाबाहेर मात्र प्रतिसाद वेगळ्या वाटांनी गेला. हॉटेलच्या न्हाणीघरात टॉवेलवर पडलेल्या गर्भाचे एक दृश्य चित्रपटात आहे. कॅमेरा त्यावरून नजर हटवीत नाही. गर्भपाताच्या विरोधकांना या दृश्यात आपल्या भूमिकेचा पुरावा दिसला. समर्थकांना बंदीने स्त्रीला कोणत्या अवस्थेला नेले त्याचा. दृश्य तेच, त्याचा अवधीही तोच. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा कानमधील पुरस्कारही याच चित्रपटाला मिळाला, तेव्हा तो शाळांतून दाखवावा की नाही यावर तेथे वाद उद्भवला. दोन्ही पक्षांची अडचण वस्तुतः एकच होती. चित्रपट पाहून झाल्यावर हाती लागायला हवा तो निष्कर्ष संहितेत सापडत नव्हता. तो प्रेक्षकाला स्वतःजवळून भरावा लागत होता.

गतीच्या तक्रारीचा अर्थ येथेच उलगडतो. चित्रपटात ओतिलिया मैत्रिणीला हॉटेलात एकटी सोडून मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जाते. जेवणाच्या मेजाभोवती वडीलधारी मंडळी खाणेपिणे, शिक्षण, आजकालची मुले यांवर बोलत राहतात. कॅमेरा समोर स्थिर. मध्यभागी ओतिलियाचा चेहरा. कथानक या मिनिटांत तसूभरही पुढे सरकत नाही. तरीही चित्रपटातील सर्वांत मोठा ताण येथेच आहे, कारण हॉटेलातील खोलीत काय घडत असेल हे ओतिलियाइतकेच प्रेक्षकालाही ठाऊक नसते. जो प्रेक्षक येथे अस्वस्थ होऊन घड्याळ पाहतो, तो ओतिलिया करू शकत नाही तेच करीत असतो. कंटाळा आणि भय यांच्यातील सीमारेषा पुसून टाकणे, हे या दृश्याचे कार्य होय.

पुरस्कारांच्या व्यवहारातही ही दुफळी उमटली. लॉस एंजेलिसच्या समीक्षक संघटनेने २००७ चा उत्कृष्ट परभाषी चित्रपट म्हणून याची निवड केली. युरोपीय चित्रपट अकादमीनेही त्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले. मात्र जानेवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या ऑस्करच्या परभाषी विभागातील नऊ चित्रपटांच्या यादीत तो नव्हता. त्यावर एवढी टीका झाली की त्याच वर्षी अमेरिकन अकादमीने या विभागाची निवडपद्धती बदलली आणि सर्वसाधारण समितीच्या निवडीत काही चित्रपटांची भर घालण्याचा अधिकार एका छोट्या समितीला दिला. प्रेक्षकांच्या नकाराने संस्थेच्या नियमांत बदल घडवावा, ही स्वीकाराच्या इतिहासातील विरळा घटना म्हणावी लागेल.

नोव्हेंबर २००७ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा प्रारंभ याच चित्रपटाने झाला. भारतीय प्रेक्षकाचे क्षितिज आणखी निराळे. येथे १९७१ च्या कायद्याने विशिष्ट अटींवर गर्भपात वैध झाला. आणीबाणीत तर राज्यसंस्थेची सक्ती उलट दिशेने, नसबंदीच्या रूपाने, घरांत शिरली. तिकडे शासन जन्म वाढवीत होते, येथे रोखीत होते. देहाकडे संख्या म्हणून पाहण्याची दृष्टी दोहोंकडे सारखीच. मराठी अभ्यासकाला येथे १९६७ साली रंगभूमीवर आलेले विजय तेंडुलकर यांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवणे स्वाभाविक आहे. त्यात खेळातले न्यायालय लीला बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचा निवाडा देते. निवाडा रंगमंचावर उच्चारला जात असल्याने प्रेक्षक निवाडा देणाऱ्यांना न्याहाळू शकतो, त्यांच्यापासून स्वतःला वेगळे काढू शकतो. मुंजिऊंनी ही सोय ठेवलेली नाही. त्यांच्या चित्रपटात न्यायालयच नाही. त्यामुळे न्यायाधीशाची रिकामी खुर्ची प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

हा प्रश्न त्या एका चित्रपटापुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवात विशेष परीक्षक पुरस्कार मिळविणाऱ्या देआ कुलुम्बेगाश्विली यांच्या 'एप्रिल' या चित्रपटात जॉर्जियाच्या ग्रामीण भागात गुपचूप गर्भपात करणारी प्रसूतितज्ज्ञ मध्यवर्ती आहे, आणि त्याची लय तर याहूनही मंद आहे. विषय तोच राहून लय अधिकाधिक संथ होत जावी, हा योगायोग नसावा. गर्भपातावरील सार्वजनिक वाद घोषणांच्या वेगाने चालतो. त्यात दोन्ही बाजूंची उत्तरे आधीच तयार असतात. ज्या स्त्रीवर हा प्रसंग येतो तिचा काळ मात्र तासांचा, प्रतीक्षेचा, पुन्हापुन्हा दार ठोठावण्याचा असतो. वादाच्या भाषेत या काळाला जागा नाही.

म्हणूनच 'संथ' या शेऱ्याची नोंद समीक्षेने गांभीर्याने घेणे आवश्यक ठरते. काही वेळा तो खरोखरच कलाकृतीतील शैथिल्याचा निर्देश असतो, हे नाकारता येणार नाही. परंतु येथे विचारला जाणारा प्रश्न पडद्यावर कमी काय घडते, एवढाच नसतो. निवाडा देण्यापूर्वी कोणाच्या काळात किती वेळ थांबण्याची तयारी आहे, हा प्रश्न त्या शेऱ्यातून प्रेक्षकाकडेच परत येतो. चित्रपटाच्या अखेरीस दोघी मैत्रिणी हॉटेलच्या भोजनकक्षात समोरासमोर बसतात आणि घडलेल्याविषयी पुन्हा कधीही बोलायचे नाही, असे ओतिलिया ठरवून टाकते. त्यांनी सोडलेले ते बोलणे पुढे चालविण्याची जबाबदारी, पडदा काळा झाल्यावर, पाहणाऱ्यांवर येऊन पडते.