रुबेला, प्रतिकारशक्ती आणि स्वमग्नता : एका संशोधनप्रश्नाचा इतिहास

दि. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ती होती, आणि मुंबई-पुण्याच्या शाळांप्रमाणेच सांगलीलगतच्या माधवनगरसारख्या गावांच्या शाळाही तिच्या कक्षेत येत होत्या. गोवर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. रुबेलाचे तसे नाही. अंगावर बारीक पुरळ, थोडा ताप, आणि दोनतीन दिवसांत उतार. इतक्या किरकोळ दुखण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणाही पालकाला पडावा. त्याचे उत्तर लस टोचून घेणाऱ्या मुलापाशी नसून पुढील पिढीच्या गर्भापाशी आहे. त्या उत्तराचा एक धागा स्वमग्नतेच्या संशोधनातही गुंतलेला आहे. तो उलगडून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मतःच मोतीबिंदू असलेल्या ७८ अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेकांच्या माता गर्भारपणाच्या आरंभी रुबेलाने आजारी होत्या, हे त्यांच्या ध्यानी आले. मातेला झालेला सौम्य संसर्ग गर्भाच्या घडणीत कायमचा फरक करू शकतो, ही गोष्ट त्या काळी सहजासहजी पटणारी नव्हती. पुढे दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची आधुनिक व्याख्या घातली. या दोन निबंधांचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका त्या वेळी कोणास आली नाही. कॅनर यांनी ही स्थिती जन्मजात असल्याचे म्हटले होते खरे. परंतु मुलांचे आईबाप भावनेने थंड असल्याचा शेराही त्यांनी मारला होता, आणि पुढल्या मंडळींनी नेमका तोच उचलला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तर मातेलाच जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या तोकड्या पुराव्यावर इतका निष्ठुर आरोप क्वचितच झाला असेल.

या आरोपाला छेद देणारा पुरावा एका साथीतून आला. १९६४-६५ साली अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बालके जन्मजात रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली. न्यूयॉर्कच्या मानसवैद्य स्टेला चेस यांनी अशा २४३ मुलांचा अभ्यास केला. १९७१ साली त्यांनी नोंदविले की, त्यांपैकी १० मुलांत स्वमग्नतेची पूर्ण आणि ८ मुलांत अंशतः लक्षणे आढळतात. तत्कालीन अंदाजांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी पट अधिक होते. या मातांनी मुलांना जिव्हाळा दिला नाही असे कोण म्हणणार? त्यांना केवळ दोन दिवस ताप आला होता.

तथापि विषाणू मेंदूवर थेट आघात करतो, की त्याला तोंड देणारी प्रतिकारयंत्रणाच विकासाची दिशा बदलते, हा प्रश्न उरलाच. १९७६ साली स्टब्स यांनी एक चमत्कारिक निरीक्षण मांडले. रुबेलाची लस पूर्वी घेतलेल्या १३ स्वमग्न मुलांपैकी ५ जणांच्या रक्तात तिची प्रतिद्रव्ये आढळेनात. संख्या अगदीच लहान. तिच्यावर सिद्धांताची इमारत उभी राहत नाही. पण स्वमग्न मुलाच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करावी हा विचार येथून रुजू लागला. दुसऱ्याच वर्षी फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांवरून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखवून दिला, आणि संशोधनाचा मुख्य ओघ स्वाभाविकपणे तिकडे वळला.

प्रतिकारयंत्रणेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो मेंदूतील मायक्रोग्लिया नामक पेशींमुळे. स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या ओळखल्या होत्या, परंतु दीर्घकाळ त्यांच्याकडे मेंदूचे झाडूवाले एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. ही उपमा अपुरी आहे. वाढत्या मेंदूत चेतापेशींचे सांधे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक तयार होतात आणि मागाहून त्यांची छाटणी होते. रक्तात जंतूंवर खूण करणारी पूरक प्रथिनेच या छाटणीत भाग घेतात, असे २००७ साली दिसून आले. पुढे मायक्रोग्लिया हे सांधे गिळतात हेही प्रत्यक्ष पाहण्यात आले. म्हणजे प्रतिकारयंत्रणा ही मेंदूच्या वेशीवरची केवळ राखणदार नसून त्याच्या बांधकामावरची कारागीरही आहे. २००५ साली, कॅनर यांच्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये, स्वमग्न व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूंत या पेशी उद्दीपित अवस्थेत आढळल्या. तपासलेले मेंदू ११ होते, हा योगायोग. ते उद्दीपन कारण की परिणाम, हे मात्र मरणोत्तर तपासणीतून ठरत नाही.

पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली गाभण उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, विषाणू नसतानाही केवळ मातेची प्रतिकारशक्ती चेतविल्यास पिलांच्या वर्तनात फरक पडतो, आणि इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य निष्प्रभ केल्यास तो टळतो. हा प्रयोग महत्त्वाचा आहे. परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि उंदराची स्वमग्नता ही संशोधकाने ठरविलेली गोष्ट आहे. स्वीडनमधील २०२२ च्या विस्तृत अभ्यासात गर्भारपणातील संसर्गाचा स्वमग्नतेशी संबंध दिसला खरा. पण गर्भधारणेपूर्वीच्या वर्षातील संसर्गाशीही तसाच संबंध दिसला, आणि भावंडांची परस्परतुलना करता तो क्षीण झाला. कुटुंबात समान असलेल्या इतर गोष्टींकडे हा निर्देश आहे. गर्भारपणात ताप आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या माथी दोष मारण्यास या संशोधनात आधार नाही. तसे करणे म्हणजे बेटलहाइम यांचा आरोप नव्या परिभाषेत पुन्हा मांडणे होय.

लसीची कथा याहून विपरीत आहे. १९९८ साली वेकफील्ड प्रभृतींनी १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लसीवर स्वमग्नतेचा संशय आणला. ‘लॅन्सेट’ने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. संशय मात्र जगभर पसरला. स्वमग्नतेच्या ज्या थोड्या बाह्य कारणांविषयी सबळ पुरावा आहे त्यांत जन्मजात रुबेला येते, आणि तिला अटकाव करणारी हीच लस आरोपी ठरावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

आपल्याकडे उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूच्या वाढीशी निगडित विकारांच्या संबंधित घटकांत नवजात अवस्थेतील आजार आणि मेंदूचे संसर्ग यांची तीत गणना आहे. त्या पाच ठिकाणांत महाराष्ट्रातील एकही नव्हते. त्याच वर्षीच्या लसीकरण मोहिमेतही एक वयोगट बाहेर राहिला. ज्या मुलींनी तेव्हा पंधरा वर्षे ओलांडली होती त्यांना शाळेत ही लस मिळाली नाही, आणि आज त्यांपैकी अनेकजणी मातृत्वाच्या वयात आहेत. बालपणी नकळत रुबेला होऊन गेल्याने पुष्कळजणी सुरक्षित असतील. कोण सुरक्षित नाही हे रक्ततपासणीवाचून कळत नाही, आणि ही लस गर्भारपणात देता येत नसल्याने ती तपासणी त्याआधीच व्हावयास हवी.