चव्वेचाळीस चोर

दीड वर्षाचा एक मुलगा घटसर्प झाला म्हणून इस्पितळात दाखल झाला आणि नऊ महिने तिथेच राहिला. या काळात आई-वडिलांची आणि त्याची भेट झाली नाही. घरी परतल्यावर तो आपल्या आईला ‘नर्स’ म्हणून हाक मारू लागला. पुढे हाच मुलगा चोऱ्या करायला लागला.

लंडनच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये काम करताना जॉन बोल्बी या मनोविश्लेषकाने अशा ४४ मुलामुलींच्या कहाण्या गोळा केल्या. सगळी चोरी करणारी. १९४४ मध्ये त्याने त्या प्रसिद्ध केल्या. तुलनेसाठी त्याच क्लिनिकमधली आणखी ४४ मुलं घेतली. तीही मनाने अस्वस्थ होती, पण चोरी करणारी नव्हती.

४४ चोरांपैकी १४ जण बोल्बीला वेगळे वाटले. त्यांना कुणाबद्दल माया नव्हती, केल्याची लाज नव्हती, शिक्षेचा परिणाम नव्हता. या १४ पैकी १२ जण पहिल्या पाच वर्षांत आईपासून दीर्घकाळ दूर राहिलेले होते. उरलेल्या ३० चोरांमध्ये असे ५ होते, आणि चोरी न करणाऱ्या ४४ मध्ये फक्त २.

हे आकडे तेव्हा का गाजले असतील? १८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोंब्रोसोने गुन्हेगार जन्मालाच तसा येतो असं मांडलं होतं. कवटीचा आकार, जबडा, कान पाहून तो ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. बोल्बी कवटी मोजत नव्हता. हे मूल लहानपणी कुणाच्या कुशीत होतं, आणि तिथून कधी उचललं गेलं, एवढंच तो विचारत होता.

अर्थात या अभ्यासाला भोकं होती. मुलांची तपासणी करणारा बोल्बी, त्यांना ‘मायाहीन’ ठरवणाराही बोल्बीच. लहानपणीची माहिती बरीचशी घरच्यांच्या आठवणींवर बेतलेली. शिवाय दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. १९५६ मध्ये बोल्बी आणि सहकाऱ्यांनी क्षयरोगामुळे लहानपणी सॅनटोरियममध्ये राहिलेल्या ६० मुलांचा माग घेतला. त्यातली बहुतेक मुलं ‘मायाहीन’ निघाली नाहीत, आणि आधीचे दावे वाढवून केले गेले होते हे त्यांनीच मान्य केलं. १९७२ मध्ये मायकल रटर यांनी आणखी एक गाठ सोडवली. ताटातुटीपेक्षा घरातली सततची भांडणं आणि तणाव यांचा मुलांच्या गुन्हेगारीशी जवळचा संबंध दिसतो, असं त्यांनी दाखवलं. तोवर नोकरी करणाऱ्या कितीतरी आयांच्या माथी दोष मारून झाला होता.

तरीही बोल्बीच्या प्रश्नाने एक चांगलं काम केलं. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक फिल्म केली. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीने आई-वडिलांना आजारी मुलांना मोकळेपणी भेटू द्यावं अशी शिफारस केली.

आता याच ब्रिटनने भारतात काय केलं ते पाहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा तर्क. १८९७ च्या दुरुस्तीने तर या जमातींच्या चार वर्षांवरच्या मुलांनाही आई-बापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची सोय केली. चोर होऊ नये म्हणून मूल आईपासून काढून घ्यायचं! पुढे ४७ वर्षांनी लंडनमधला डॉक्टर ज्या ताटातुटीत चोरीचं मूळ शोधत होता, तीच ताटातूट इथे सरकारचं औषध होती.

१९११ मध्ये कायदा मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या जमातींची वस्ती वसवली गेली. ‘सेटलमेंट’ हे नाव तिथे आजही वापरात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे रॉबर्टसनची फिल्म आली त्याच वर्षी, देशभरातल्या या जमाती विमुक्त झाल्या. पोलिसांचा संशय मात्र विमुक्त झाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं. कायदा जाऊन पस्तीस वर्षं झाली होती, आणि तो संशय घरात कसा शिरतो हे त्यांना अजून सांगावं लागत होतं.

बोल्बीचं उत्तर अपुरं होतं, लोंब्रोसोचं चुकीचं. पण माणूस गुन्हा का करतो याचं उत्तर कुणी देऊ लागलं, की ते फक्त पुस्तकात राहत नाही. ते खरं मानलं तर उद्या सकाळी कुणाच्या दारात पोलीस उभे राहतील आणि कुणाचं मूल उचललं जाईल, हे आधी विचारून घ्यायला हवं.