बायजाबाईंचा कारभार: मालकी की ठेव?

ग्वाल्हेर म्हटले की आम्हा गोवेकरांना शिंद्यांच्या पदरचे, पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा केरकर आठवतात. त्याच घराण्यातली ही वारशाची गोष्ट.

मार्च १८२७ मध्ये दौलतराव शिंदे वारले. पोटी मुलगा नव्हता. जूनमध्ये बायजाबाईंनी अकरा वर्षांच्या मुकुटरावाला दत्तक घेतले, नाव ठेवले जनकोजी. कारभार मात्र बाईंनी स्वतःकडेच ठेवला. खरा पेच इथेच होता. राज्य बाईंकडे हयातभरासाठी होते, की मुलगा जाणता होईपर्यंतच? बाई पहिले म्हणत, जनकोजी दुसरे. घरात संशय शिरला. १८३२ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरला आला, दोघांचे ऐकून घेतले, पण निकाल दिला नाही. जुलै १८३३ मध्ये फौज जनकोजीकडे वळली आणि बाईंना राजधानी सोडावी लागली. मग त्यांच्याजवळची संपत्ती खासगी की दौलतीची, हाही वाद झाला.

बाई सावकारी व्यवहारात मुरलेल्या. त्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. जनकोजीचा संशयही पोरकट नव्हता. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने ती कधी सोपवायची, हे आधीच ठरायला हवे. नाहीतर हिशेब चोख असूनही मने फाटतात.