‘एन’ या अक्षराची गोष्ट

लॅपटॉप रात्रभर स्वतःला अद्ययावत करत बसतो. सकाळी उघडावा, तर सगळं जागच्या जागी असतं. फायली आहेत, फोटो आहेत, पत्रव्यवहार आहे. फक्त काल अर्धवट सोडलेला सिनेमा पुढे सरकत नाही. काळा चौकोन, मधे गरगरणारं वर्तुळ आणि खाली कसलासा आकडा. आपण इंटरनेटवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, ‘लाइन ठीक आहे.’ आणि पुष्कळदा ती खरोखरच ठीक असते.

या काळ्या चौकोनाला इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा कोर्टकचेऱ्यांचा आहे. आज तो सांगतो. दुरुस्तीही ओघात येईल.

सुरुवात रेडिओपासून करावी लागते, आणि आकाशवाणीवर बोलताना याचा मला थोडा आनंदही होतो आहे. १९९५ पर्यंत इंटरनेटवरचा आवाज ऐकायचा म्हणजे साधारणपणे आधी अख्खी फाइल उतरवून घ्यायची. टेलिफोनच्या तारेवरून काही मिनिटांच्या आवाजासाठी कितीतरी वेळ ताटकळायचं. रॉब ग्लेझर हे मायक्रोसॉफ्टमध्ये दहा वर्षं काढून बाहेर पडलेले गृहस्थ. त्यांनी १९९४ मध्ये सिएटलला ‘प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स’ ही कंपनी काढली आणि एप्रिल १९९५ मध्ये ‘रिअलऑडिओ’ बाजारात आणलं. कल्पना आपल्या घरच्या पाण्यासारखी होती. नळाला धार बारीक असली, तरी टाकीत थोडं पाणी साठू द्यायचं आणि मग खालचा नळ सोडायचा. वरून येत राहतं, खालून वाहत राहतं. या टाकीलाच आपण आज ‘बफर’ म्हणतो. ५ सप्टेंबर १९९५ ला सिएटल मरिनर्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांच्या बेसबॉल सामन्याचं रेडिओ समालोचन अशा रीतीनं इंटरनेटवरून थेट ऐकवलं गेलं. १९९७ मध्ये आवाजाला चित्राची जोड मिळाली आणि कंपनीचं नाव ‘रिअलनेटवर्क्स’ झालं.

मायक्रोसॉफ्टनं हे पाहिलं नसतं तरच नवल. त्यांचा स्वतःचा ‘मीडिया प्लेअर’ विंडोजबरोबर फुकट येऊ लागला. जुलै १९९८ मध्ये ग्लेझर अमेरिकी सेनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्षीला उभे राहिले. नवा मीडिया प्लेअर संगणकावर चढवला, की आपला रिअलप्लेअर कसा अडखळतो, याचं प्रात्यक्षिकच त्यांनी तिथे करून दाखवलं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर होतं : दोष आमच्यात नाही, रिअलप्लेअरमध्येच आहे. हे संभाषण मला ओळखीचं वाटतं. ‘अपडेट केलं आणि व्हिडिओ बंद पडला’ ही तक्रार, आणि ‘आमच्याकडून सगळं बरोबर आहे’ हा जबाब. पंचवीस वर्षं उलटून गेली, संवाद तोच आहे. तेव्हा तो निदान लोकप्रतिनिधींसमोर झाला होता.

पुढचा अंक युरोपात. डिसेंबर १९९८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली, ती सर्व्हरसंबंधी होती. आयोगानं चौकशीची व्याप्ती वाढवली आणि मीडिया प्लेअरचा प्रश्नही त्यात घेतला. २४ मार्च २००४ रोजी, मारिओ मॉन्टी स्पर्धा आयुक्त असताना, निकाल लागला. दंड ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक, आणि शिवाय आदेश : मीडिया प्लेअर काढून टाकलेलं विंडोजही विकायला ठेवा. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य हवं, हा मुद्दा.

आता गंमत पाहा. या छाटलेल्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टनं नाव सुचवलं ‘रिड्यूस्ड मीडिया एडिशन’. म्हणजे दुकानदारानं मालावर ‘कमी प्रतीचा’ अशी चिठ्ठी लावून ठेवावी, तसं. आयोगानं ते फेटाळलं. अखेर २००५ मध्ये नुसतं एक अक्षर ठरलं : ‘एन’. किंमत मात्र पूर्ण विंडोजइतकीच ठेवली. तेवढ्याच पैशात कमी माल कोण घेईल? सुरुवातीच्या वर्षभरात संगणक कंपन्यांनी मागवलेल्या प्रतींची संख्या दोन हजारांवरही गेली नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयानं १७ सप्टेंबर २००७ ला आयोगाचा निर्णय उचलून धरला, पण बाजार तोवर पार पुढे गेला होता. खुद्द रिअलनेटवर्क्सनं ऑक्टोबर २००५ मध्येच ७६ कोटी १० लाख डॉलर्सवर मायक्रोसॉफ्टशी तडजोड केली होती. त्याच वर्षी यूट्यूब निघालं. ते ‘फ्लॅश’वर चालत होतं, त्याला ना हा प्लेअर लागत होता, ना तो. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच.

तरीही ‘एन’ मेला नाही. विंडोज ७, ८, १० आणि ११, प्रत्येकाची ‘एन’ आवृत्ती निघाली. मधल्या काळात एक बदल झाला, जो निकाल देताना कोणाच्या डोळ्यांसमोर नसावा. २००४ साली मीडिया प्लेअर म्हणजे एक खिडकी होती, गाणी वाजवणारी. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजच्या पोटात ‘मीडिया फाउंडेशन’ नावाची यंत्रणा आली. दाबून लहान केलेलं चित्र उलगडणं हे तिचं काम, आणि इतर कार्यक्रमही त्यासाठी तिच्यावर विसंबू लागले. ‘एन’मध्ये प्लेअरबरोबर ही यंत्रणाही जाते. म्हणजे दिवाणखान्यातला दिवा काढायला सांगितला होता, तर घरातलं वायरिंगच निघालं.

ब्राउझर स्वतः चित्र का उलगडत नाही, असं कोणी विचारील. कारण पेटंट. २००३ सालची ‘एच.२६४’ ही पद्धत सर्वत्र रूढ झाली, पण तिच्यावर शुल्क आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं बराच काळ ती नाकारली आणि शेवटी तोडगा काढला, की हे काम विंडोजकडूनच करून घ्यायचं. क्रोम मात्र स्वतःची यंत्रणा बरोबर बाळगतो. म्हणून ‘एन’ आवृत्तीवर एखादी चित्रफीत क्रोममध्ये चालते, फायरफॉक्समध्ये चालत नाही, आणि माणूस चक्रावतो. यूट्यूब चालतं म्हणून निःशंकही होऊ नये. गूगलची ‘व्हीपी९’ ही शुल्कमुक्त पद्धत ब्राउझर स्वतः उलगडू शकतो.

यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्ट ‘मीडिया फीचर पॅक’ मोफत देते. पण २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि दर काही महिन्यांनी मोठं अद्ययावतीकरण सुरू झालं. अशा प्रत्येक फेरीत ‘एन’वाल्यांचा बसवलेला पॅक निघून जाई आणि त्या फेरीसाठीचा वेगळा पॅक शोधून पुन्हा बसवावा लागे. काल चालणारं आज बंद पडे ते यामुळे. युरोपात शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या लॅपटॉपवर ‘एन’ असणं अगदी शक्य आहे. तिकडे मुलगी आणि इकडे फोनवर बाबा, दोघेही वायफायला दोष देत बसतात.

प्रत्येक काळा चौकोन ‘एन’चा नसतो, हे सांगितलं पाहिजे. पैसे भरून पाहण्याच्या सिनेमांना कुलूप असतं. नेटफ्लिक्सनं ते आधी ‘सिल्व्हरलाइट’मध्ये ठेवलं, मग २०१३ पासून ब्राउझरमध्येच. या कुलपाची पद्धत १८ सप्टेंबर २०१७ रोजी वेबच्या अधिकृत मानकांत आली, आणि ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’नं त्याच दिवशी मानक संस्थेचा राजीनामा दिला. चित्रपट आपल्या संगणकावर, पण किल्ली दुसऱ्याकडे, हे त्यांना मान्य नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पटतं. सिनेमे मात्र मीही तसेच पाहतो. हे कुलूप पडद्यापर्यंतची सगळी वाट तपासतं. अपग्रेडमध्ये लॅपटॉपचा मूळ डिस्प्ले ड्रायव्हर जाऊन कामचलाऊ ड्रायव्हर बसला, तर कुलूप उघडायला नकार देऊ शकतं. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ असं नाव दिसलं, की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर घ्यावा.

आणि जुन्या संकेतस्थळावर फ्लॅश मागितलं जात असेल, तर खटपट सोडा. ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला ते बंद केलं. दक्षिण आफ्रिकेच्या कर विभागावर तर जुने अर्ज चालावेत म्हणून जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा ब्राउझर काढायची पाळी आली होती.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि पुष्कळ घरांतले लॅपटॉप ११ वर गेले. तेव्हा चित्र दिसेनासं झालं असेल, तर आधी दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच चित्रफीत लावून पाहा. मग ‘स्टार्ट’मध्ये ‘विनव्हर’ टाइप करा. उघडणाऱ्या चौकटीत ‘होम’ किंवा ‘प्रो’च्या पुढे ‘एन’ दिसतो का, ते नीट वाचा. दिसला, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन मीडिया फीचर पॅक निवडा. बसल्यानंतर लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा लागतो. नुसतं झाकण मिटून उघडलं, तर काळा चौकोन तसाच राहतो.