मडगार्डचं खातं

ट्रायल्स ही मोटारसायकलची स्पर्धा खरी, पण घाई नको. दगडधोंड्यांतून जायचं, पाय टेकला की एक गुण नावे. आम्हा बँकवाल्यांना हे चटकन पटतं. सॅमी मिलरने आपल्या ५०० सीसी एरियलचे जड भाग काढून हलके बसवले आणि १९६४ साली स्कॉटिश सिक्स डेज जिंकली. १९६५ साली तीच स्पर्धा त्याने स्पॅनिश बुल्टॅकोवर मारली. ब्रिटिश फोर-स्ट्रोकचं खातं तिथेच उतरणीला लागलं.

आज अशा जुन्या एरियलला मडगार्ड कोणतं? पोलादी जड; पण वाकलं तर ठोकून सरळ होतं. प्लास्टिक चिवट, पण धोतरावर टाय! माझं मत अ‍ॅल्युमिनियमला. थरथरीने चिरतं, चिरू दे. मिलरही वजनालाच भीत होता. मात्र टायरपासून चार बोटं वर बसवा. चिखल भरला की चाक थांबतं, थांबलं की पाच गुण नावे. आमचा काउंटर लंचला थांबतो, त्याला दंड नाही.