रचनावाद : मॉस्कोपासून मुंबईपर्यंत

लोणावळ्यानजीकच्या औंढ्याहून लोहगडाच्या बाजूस निघालेला प्रवासी बहुधा भाज्याचीं लेणीं पाहिल्यावांचून परतत नाहीं. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें. त्याचे २७ अष्टकोनी खांब वरच्या अंगास आंत झुकलेले असून कमानदार छताला लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. वास्तविक अखंड कातळांत कोरलेल्या छताला आधाराची गरज ती काय? लाकडी मंडपांत छताचा बाहेरचा रेटा सोसावा म्हणून खांब कलते ठेवीत. कातळांत तो रेटाच नाहीं. तरीही कारागिरांनीं सुतारकामाची रीत इमानेंइतबारें जपली.

नेमकी हीच गोष्ट रशियांतील रचनावाद्यांना खटकली असती. ज्या द्रव्याची वस्तु, त्याच द्रव्याच्या गुणधर्मांतून तिचा आकार निघावा, असा त्यांचा आग्रह. व्लादिमीर तात्लिन यानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोखंड, लाकूड आणि तारा जोडून शिल्पें रचलीं. दगड फोडावयाचा किंवा माती थापावयाची, एवढाच शिल्पकाराचा उद्योग, हा समज तेथें ढासळला. १९२० सालीं नाउम गाबो व त्याचा बंधु पेव्ह्सनर यांनीं मॉस्कोंत जाहीरनामा काढून शिल्पांत घनतेपेक्षां अवकाशाला मान दिला. त्याच वर्षीं तात्लिननें लोखंड व कांच यांच्या ४०० मीटर उंच मनोऱ्याचा नमुना मांडला. मौज अशी, कीं तो नमुना लाकडाचा होता. मनोरा कधींच उभा राहिला नाहीं. १९३२ सालीं सोव्हिएट सरकारनें स्वतंत्र कलासंस्था मोडीत काढल्या, आणि चळवळीचें घर गेलें.

विचार मात्र परदेशीं रुजला. मुंबईंत शिल्पकार पानसरे यांच्या उत्तेजनानें या कलेकडे वळलेले आदी दावियरवाला (१९२२–१९७५) हे लाकूड कोरतां कोरतां जोडलेल्या धातूकडे व पुढें पारदर्शक पत्र्यांकडे गेले. पिलू पोचखानवाला यांची पदवी वाणिज्य शाखेची; त्यांनीं भंगारांतील लोखंडाचे तुकडे सांधून शिल्पें केलीं. यांना कारखान्याचें राजकारण नको होतें. हवी होती ती सांधण्याची मोकळीक. कलाशाळेचा शिक्का नसलेल्या माणसांस ती विशेष मोलाची वाटली असल्यास नवल नाहीं.

कावसजी जहांगीर सभागृहाचें कलादालन व्हावें यासाठीं पिलूबाईंनीं पुष्कळ खटपट केली. त्या १९८६ सालीं वारल्या. दालन १९९६ सालीं उघडलें.